व्हॅनचा दुसरा गिअर खरखरतो, शेपटीचं सील टिकत नाही: एकाच दुखण्याचे चार फेरे

आधी लक्षणं सांगतो. तुमची गाडी हेच करत असेल तर पुढं वाचा.

चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलं की ‘खर्रर्र’. पहिल्यावरून दुसऱ्यावर टाकताना कमी, खाली उतरवताना जास्त. रात्री अंगणात गाडी लावली की सकाळी खाली तेलाचा डाग. तोही इंजिनाखाली नाही, तर गाडीच्या पोटाच्या मध्यावर, जिथं गिअरबॉक्स संपतो आणि प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडं ताकद नेणारा लांब दांडा) सुरू होतो. मिस्त्री वाकून बघतो आणि म्हणतो, ‘मागचं सील गेलं.’ सील म्हणजे तेल आत अडवून धरणारी रबरी कडी. सील बदललं की दोन-अडीच महिने अंगण कोरडं. मग पुन्हा तोच डाग, त्याच जागी.

माझ्याकडं हे दोन वर्षांत चार वेळा झालं. चौथ्या वेळी कळलं, की खरखर आणि डाग ही दोन दुखणी नव्हतीच.

हे सगळं ओम्नी-ईको जातीच्या व्हॅनबद्दल आहे. इंजिन पुढच्या सीटखाली, त्याच्या मागं गिअरबॉक्स, तिथून लांब प्रोपेलर शाफ्ट मागच्या हाऊसिंगपर्यंत (डिफरन्शियलची पेटी), आणि ओढ मागच्या चाकांवर. ओम्नी २०१९ मध्ये बनायची थांबली, ईको २०१० पासून आहे, पण या बाबतीत दोघींचा सांगाडा एकाच वळणाचा. पुढची चाकं ओढणारी सात सीटची गाडी असेल तर तिच्यात प्रोपेलर शाफ्टच नसतो, त्यामुळं इथली निम्मी माहिती तिला लागू नाही.

गाडीचं काम काय ते सांगितल्याशिवाय रोग कळायचा नाही. मी अचलपूर तालुक्यातला. सकाळी शाळेची पोरं, दुपारी कोणाला परतवाड्याला दवाखान्यात नाही तर बाजारात नेणं, रविवारी चिखलदऱ्याचा घाट. शकुंतला, म्हणजे आमची छोटी रेल्वे, थांबली तेव्हापासून मूर्तिजापूरकडं जाणारी चार माणसंही आमच्यासारख्यांच्याच गाड्या बघतात. ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया बहराचा संत्रा, तेव्हा मागच्या सीटा काढून कॅरेट भरायचे. एका कॅरेटमध्ये वीस-बावीस किलो माल, आणि बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत पांदण. संत्रा संपत आला की बहिरमची जत्रा. तिथली हंडी आणि रोडगे खायला जाणाऱ्या माणसांचं वजन परतीच्या वाटेवर वाढलेलं असतं, हा माझा अनुभव. म्हणजे भार, चिखल, धूळ आणि दुसरा गिअर, हेच या गाडीचं आयुष्य.

आधी केलेले चुकीचे उपचार

पहिल्यांदा नुसतं सील बदललं. ते बरोबरच होतं, जुनी गाडी आहे, सील जाणारच.

दुसऱ्यांदा सील बदलताना मी गिअरची खरखरही सांगितली. उत्तर आलं, ‘क्लच प्लेट गेली.’ प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, अख्खा सेट टाकला. जुनी प्लेट हातात घेऊन बघितली तर तिच्यावर अजून बरंच मटेरियल शिल्लक होतं, रिवेट खोल बसलेले होते. शंका तेव्हाच यायला पाहिजे होती. पण गिअरबॉक्स खाली उतरवलेला असतो, मिस्त्रीचे हात काळे झालेले असतात, पोरांची शाळा दुसऱ्या दिवशी असते. अशा वेळी माणूस हो म्हणून मोकळा होतो. नवी प्लेट बसली आणि खरखर जशीच्या तशी.

तिसऱ्या वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानात सांगितलं, की जाड तेल टाका, गळणारच नाही. हाऊसिंगमध्ये घालायचं ८५डब्ल्यू-१४० तेल गिअरबॉक्समध्ये ओतलं. गळणं थोडं कमी झालं हे खरं. पण डिसेंबरच्या सकाळी सहाला गिअर टाकायला दोन्ही हात लावायची वेळ आली, आणि दुसऱ्याची खरखर दुप्पट झाली. का झाली ते पुढं सांगतो.

आधी क्लच की गिअरबॉक्स ते ठरवा

याला पाना लागत नाही, फक्त मोकळी जागा लागते. मला हे तेव्हा माहीत असतं तर क्लच सेटचे पैसे वाचले असते.

इंजिन बंद करा. क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून बघा. बंद इंजिनवरसुद्धा एखादा गिअर अडत असेल तर दोष दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीत आहे. काही गाड्यांत तिथं सळ्या आणि बुश (सांध्यातल्या गोल नळ्या) असतात, काहींत केबल. बुश झिजला की दांडा खिचडी ढवळल्यासारखा हलतो आणि दुसरा सापडता सापडत नाही. हे बाहेरचं काम आहे, यासाठी गिअरबॉक्स उतरवू देऊ नका.

बंद इंजिनवर सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि इंजिन चालू केलं की अडतात किंवा खरखरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. याची खात्री रिव्हर्सवर होते. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच तळापर्यंत दाबा, मनात पाच अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. क्लच नीट सुटत असेल तर तेवढ्या वेळात आतले गिअर फिरायचे थांबतात आणि रिव्हर्स गपचूप पडतो. पाच मोजूनही ‘खर्र’ केलं तर क्लच ओढत आहे. न थांबता घाईनं टाकलेला रिव्हर्स मात्र धडधाकट गाडीतही ओरडतो, कारण बहुतेक गिअरबॉक्सांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअरचा वेग जुळवणारा भाग, नसतो. त्यावरून निकाल देऊ नका.

तिसरी शक्यता उलटी: क्लच सुटतो, पण पकडत नाही. चढावर इंजिन ओरडतं, गाडी तेवढीच. सपाट जागी हँडब्रेक घट्ट ओढून, पुढं माणूस नाही हे बघून, तिसऱ्या-चौथ्या गिअरवर क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट ठीक. बंद न पडता फिरतच राहिलं तर प्लेट घसरते आहे. एकदा बघितलं की पुरे, पुन्हा पुन्हा करून असलेली प्लेट जाळू नका.

माझ्या गाडीत बंद इंजिनवर सगळे गिअर सरळ पडत होते, रिव्हर्स गप होता, प्लेट घसरत नव्हती. फक्त चालत्या गाडीत, फक्त दुसरा, आणि तोही खाली उतरवताना जास्त. हे क्लचचं दुखणं असूच शकत नाही. क्लच ओढत असेल तर तो एका गिअरशी दुष्मनी करत नाही, सगळ्यांनाच त्रास देतो. एकच गिअर खरखरतो याचा अर्थ त्या गिअरची पितळी सिंक्रो रिंग झिजली. ही रिंग गिअरच्या कोनावर घासून दोघांचा वेग एकसारखा करते आणि मगच दात एकमेकांत जाऊ देते. घाटात आणि गावच्या रस्त्यावर तिसऱ्यावरून दुसऱ्यावर दिवसातून शंभरदा यावं लागतं, म्हणून सगळ्यांत आधी दुसऱ्याचीच रिंग जाते.

इथं क्लच केबलबद्दल एक गोष्ट सांगून घेतो, कारण ती कोणी सांगत नाही. आमच्या शेजारच्या भाऊंच्या व्हॅनची केबल दर दोन महिन्यांनी जायची. तार तुटायची नाही, आतलं प्लास्टिकचं अस्तर वितळून तार चिकटून बसायची. केबल बदल, ग्रीस मार, पुन्हा तेच. शेवटी एका वायरमनच्या लक्षात आलं, की इंजिनाची अर्थिंगची पट्टी गंजून तुटली होती. स्टार्टर मारला की एवढा मोठा करंट परत जायला वाट शोधायचा, आणि लोखंडी तारेची केबल ही त्याला सापडलेली वाट. पट्टी बदलली, केबलचं जाणं थांबलं. केबल वारंवार जात असेल, आणि स्टार्टर मारताना ती हाताला गरम लागत असेल, तर मेकॅनिकच्या आधी ती पट्टी बघा.

सील मरतं, पण मारतं कोण

चौथ्यांदा डाग दिसला तेव्हा मी परतवाड्याला एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आधी ट्रकची कामं करायचे, आता डोळ्यांमुळं छोट्या गाड्याच घेतात. मी म्हटलं, ‘चाचा, सील बदलून द्या.’ ते गाडीखाली गेलेच नाहीत. बाजेवर बसल्या बसल्या विचारलं, ‘कितवं हाये?’

‘चौथं.’

‘मंग सील नोको बदलू. सील तं बिचारं मरते. मारून कोन राह्यलं, थे पाय ना लेका.’

त्यांनी आधी डाग कुठला आहे ते ठरवायला लावलं. गिअरबॉक्सची शेपटी, घंटेसारखा पुढचा भाग, सगळं डिझेलनं धुवून, पुसून कोरडं केलं. मग माझ्या पोरीची टाल्कम पावडर त्यावर उडवली. दहा-बारा किलोमीटर फिरवून आणलं आणि पुन्हा खाली बघितलं. पांढऱ्या पावडरीवर तेलाची वाट अशी दिसते, जशी पांदीच्या धुळीवर सापाची. गिअरबॉक्स आणि इंजिन जिथं जुळतात तिथून खाली ओघळ असेल तर इंजिनाचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील. त्या दोघांतलं कोणतं ते वासावरून कळतं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र, नासक्या अंड्यासारखा वास असतो, इंजिन ऑइलला नसतो. माझी वाट शेपटीपासूनच निघत होती. म्हणजे सील गळतं हे निदान बरोबर होतं, फक्त अर्धवट होतं.

मग गाडीची मागची बाजू उचलली. इथं एक सांगायलाच पाहिजे: हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागची चाकं हवेत गेली की हँडब्रेकचा काडीचा उपयोग नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, आणि गाडी घोड्यावर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये. वीट फुटताना आधी सांगत नाही.

चाचांनी प्रोपेलर शाफ्टचं पुढचं तोंड, गिअरबॉक्सच्या अगदी जवळ, मुठीत धरलं आणि वर-खाली हलवलं. ‘टक-टक.’ ते तोंड, योक म्हणतात त्याला, शेपटीतल्या एका बुशमध्ये बसतं आणि आतबाहेर सरकतं. मागचं हाऊसिंग स्प्रिंगवर खालीवर होतं, तेव्हा शाफ्टला मागंपुढं व्हायला ती जागा असते. बुश गोल राहिला नाही की योक फिरताना डोलतो. सीलचा रबरी ओठ त्या डोलण्याबरोबर कितीसा धावणार? महिना-दोन महिने झिजतो आणि सोडून देतो. त्यात मागं तीस कॅरेट संत्रा भरला की गाडी बसते, शाफ्टचा कोन बदलतो आणि सगळा जोर त्याच बुशवर येतो. माझी चारही सीलं कधी गेली ते मी आठवून बघितलं. दोन आंबिया बहरात, एक जत्रेच्या दिवसांत, एक पावसाळ्यात.

मागचे चार बोल्ट काढून शाफ्ट खाली घेतला. काढायच्या आधी दोन्ही फ्लँजवर पांढऱ्या रंगाची एकच रेघ मारून ठेवायची, म्हणजे बसवताना जसा होता तसाच बसतो. नाही तर बॅलन्स बिघडून साठाच्या पुढं गाडी थरथरू शकते. आणि शाफ्ट ओढला की शेपटीतून तेल येतं, म्हणून आधी तेल काढून घ्यायचं, नाही तर तिथं प्लास्टिकची पिशवी रबरबँडनं बांधायची. योक पुसून चाचांनी माझं बोट त्यावर फिरवलं. सीलचा ओठ जिथं घासतो तिथं एक खाच होती. नख अडकत होतं. ‘आता नवं सील टाकलं तं ह्याच नालीत बसन,’ चाचा म्हणाले. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसलाही खेळ होता. दोन बोटांत धरून फिरवला तर एका जागी अडकत होता. शाफ्ट थरथरायचं तेही एक कारण.

तेव्हा बुश, योक, क्रॉस, सील, चारही एकदम बदलले. बुश दाबून बसवायला लेथवर जावं लागलं. योक नवा घ्यायची ऐपत नसेल तर मिस्त्री एक युक्ती करतात: सील नेहमीच्या जागेपेक्षा एक-दीड मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवायचं, म्हणजे ओठ जुन्या खाचेत न जाता कोऱ्या जागेवर चालतो. खाच खोल नसेल आणि सीलच्या घराला तेवढी जागा असेल तर हे चालतं. पण बुश सैल असताना ही युक्ती म्हणजे पुन्हा तीन महिने.

सील बसवताना त्याच्या ओठाला आधी तेल लावा, स्प्रिंगची बाजू आत, आणि त्याच मापाचा पाइपाचा तुकडा किंवा गोटी पाना ठेवून चारी बाजूंनी सारखं ठोका. माझं दुसरं सील छन्नीनं एका बाजूला ठोकून बसवलं होतं. जुनं काढलं तेव्हा त्याची कड वाकलेली दिसली.

काळ्या मातीचं बूच

इथपर्यंत माझं समाधान झालं होतं. चाचांचं झालं नव्हतं. त्यांनी गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला हात घालून एक छोटी टोपी शोधली आणि मला विचारलं, ‘हे काय होय?’ मला माहीत नव्हतं. ब्रीदर. गिअरबॉक्स आणि हाऊसिंग दोघांनाही श्वास घ्यायला भोक असतं. गाडी तापली की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर जाते, थंड झाली की आत येते. माझं भोक काळ्या मातीनं गच्च बंद होतं. आपली माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगड होते. तिला सिमेंटपेक्षा कमी समजू नका. भोक बंद झालं की फुगलेली हवा सीलच्या ओठावरूनच वाट काढते, आणि जाताना तेल घेऊन जाते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर, तेल पातळ झालेलं असताना, हे आणखी वेगानं होतं.

पावसाळ्यात याच्या उलटं होतं. तापलेली गाडी सापन नदीच्या पाण्यात घातली की गिअरबॉक्स एकदम थंड होतो, आतली हवा आखडते आणि जिथून मिळेल तिथून ओढून घेते. सील दुबळं असेल तर हवेबरोबर पाणी. पाणी गेलेलं तेल ताकासारखं दुधाळ होतं. तसं तेल दिसलं तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नका, बेअरिंग गंजायला फार दिवस लागत नाहीत. हाऊसिंगचं तेलही त्याच दिवशी बघा, ते अजून खाली असतं.

आता पांदीतून आलो की गाडी धुताना ब्रीदरची टोपी बोटानं फिरवून बघतो. फिरली पाहिजे. एवढं करायला अर्धं मिनिट लागतं. दोन वर्षं मला ते भोक आहे हेच ठाऊक नव्हतं.

तेलाची गोष्ट, आणि खरखरीचं खरं कारण

गळत राहिलेलं तेल कोणी भरलं? कोणीच नाही. प्रत्येक मिस्त्रीनं सील बदलताना जेवढं सांडलं तेवढं अंदाजानं ओतलं. मधल्या महिन्यांत पातळी खाली जात राहिली आणि मी फक्त अंगणातला डाग बघत बसलो. कमी तेलावर घाट चढून चढून दुसऱ्याची रिंग झिजली. वरून आलं ते जाड, हाऊसिंगचं तेल.

हाऊसिंगमधल्या क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घसरत फिरतात, म्हणून त्यांना जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. त्यात गंधक-फॉस्फरसची औषधं जास्त असतात. गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगला तेच तेल दोन प्रकारे बाधतं. काही जीएल-५ तेलं पितळ खातात, आणि जास्त निसरडी असल्यामुळं रिंगला कोन पकडता येत नाही. रिंग पकडतच नसेल तर वेग जुळणार कसा, आणि वेग जुळला नाही तर दात खरखरणारच. अशा गिअरबॉक्सला साधारणपणे जीएल-४ लागतं, ७५डब्ल्यू-८० किंवा ७५डब्ल्यू-९०. तुमच्या गाडीचं नेमकं कोणतं ते तिच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. दुकानदाराच्या फळीवर काय शिल्लक आहे यावरून ते ठरत नाही. दुकानात ‘गिअर ऑइल द्या’ एवढंच म्हणू नका. डब्यावरचं वाचा.

तेल बदलताना आधी भरायचा बोल्ट सोडवून बघा, मगच खालचा काढा. उलटं केलं आणि वरचा बोल्ट गंजून अडला, तर गाडी रिकाम्या गिअरबॉक्सनं तिथंच उभी राहते. हे आमच्याच गावात झालंय, नाव घेत नाही, बिचारा अजून चिडतो. गाडी थोडी चालवून तेल कोमट करा, मग सपाट जागेवर काढा. भरताना भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत. तेल तिथून हलकंसं बाहेर येऊ लागलं की थांबा. लिटरचा हिशेब ठेवण्यापेक्षा हे माप पक्कं. जास्त भरलेलं तेलही तापून सीलवरच येतं.

काढलेलं तेल फेकायच्या आधी उन्हात, पसरट भांड्यात बघा. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक त्यात फिरवा. चुंबकाला चिकटणारी बारीक करडी पेस्ट म्हणजे रोजची झीज, त्यात घाबरण्यासारखं नाही. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चमक म्हणजे पितळ, सिंक्रो रिंगची राख. माझ्या तेलात तीच होती, पोह्यांवर हळद भुरभुरावी तशी. आणि लोखंडाचे टोकदार तुकडे मिळाले तर गाडी चालवू नका. दाताचा टवका किंवा बेअरिंगचा तुकडा असतो, आणि तो पुन्हा दातांत गेला की खर्च तिपटीवर जातो. वापरलेलं तेल नालीत ओतू नका. जुन्या डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

आवाज ऐकून थोडं ठरवता येतं

गाडी उभी, न्यूट्रल, घुं घुं आवाज, आणि क्लच दाबला की बंद: गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचं बेअरिंग. याच्या उलट, क्लच दाबला की सुरू: रिलीज बेअरिंग. घाटात पाय पेडलवर ठेवून, हाफ क्लचवर चालवायची सवय त्याला खाते. मला ती सवय होती.

सगळ्या गिअरमध्ये गुणगुण, पण चौथ्यात शांत: खालच्या शाफ्टची बेअरिंग. या गाड्यांत चौथ्यावर ताकद सरळ जाते, खालच्या शाफ्टवर भार राहत नाही, म्हणून आवाज दबतो. अॅक्सिलरेटर दिला-सोडला की सूर बदलणारी हुंकार मागून येत असेल तर गिअरबॉक्स सोडा, हाऊसिंग बघा. गाडी उठताना एकच ‘ठक’ आला तर बहुतेक क्रॉस. चढावर गिअर आपोआप सुटून न्यूट्रल होत असेल तर आधी गिअरबॉक्स ज्यावर टेकतो तो रबरी माउंटिंग बघा, तो तुटला की सगळी वस्तीच हलते. मग जोडणी, आणि त्यानंतरच आतले दात.

आणि बंद पडलेली व्हॅन ट्रॅक्टरमागं बांधून लांब ओढायची असेल तर प्रोपेलर शाफ्ट काढून मगच ओढा. न्यूट्रलमध्येही चाकांबरोबर मागचा शाफ्ट फिरतो, पण तेल उडवणारा खालचा शाफ्ट थांबलेला असतो. अमरावतीपर्यंत असं कोरडं ओढलं तर जे दुखणं नव्हतं तेही तयार होतं.

सध्याची स्थिती

चाचांच्या कामाला आता चौदा महिने झाले. मध्ये एक आंबिया बहर आणि एक बहिरम होऊन गेलं. अंगण कोरडं आहे. कॅरेट आता तीसचे बावीस केलेत, दोन खेपा जास्त होतात, घरचे कुरकुरतात. दर महिन्याला भरायचा बोल्ट उघडून करंगळी आत घालतो. तेल काठाशी लागलं की बंद. पातळी हलली नाही अजून.

दुसरा मात्र पूर्ण बरा झालेला नाही. योग्य तेलानं खरखर निम्म्यावर आली, झिजलेली रिंग काही परत वाढली नाही. घाटात खाली उतरवताना मी डबल क्लच करतो: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडा अॅक्सिलरेटर, पुन्हा क्लच दाबून दुसरा. सवय झाली की आवाजच येत नाही. घाटात मागं बसलेल्या पोरांना वाटतं काका उगाच पाय नाचवतात. रिंग बदलायची तर गिअरबॉक्स पूर्ण खोलावा लागेल. चाचा म्हणतात, खोललाच तर बेअरिंग पण टाकून घे, दोनदा मजुरी देऊ नोको. संत्रा उठला, शाळेला सुट्ट्या लागल्या की मे मध्ये गाडी त्यांच्याकडं चार दिवस लावणार आहे.